आयतं मिळत नाही का?

गेल्या फेब्रुवारीत, द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना, पिंपळगाव बसवंतहून भाच्याचा फोन आला. "मामा, काट्याचं सॉफ्टवेअर मेलं."

भाचा द्राक्षं निर्यात करतो (स्वतःची, आणि शेजारच्या चार-सहा जणांची). त्याच्या शेडमध्ये एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडलेली. पेटी काट्यावर ठेवायची, आकडा स्थिरावला की तो आपोआप नोंदला जातो आणि पेटीवर चिकटवायची चिठ्ठी छापून बाहेर येते. हे सगळं ओळखीतल्या एका मुलाने जावास्क्रिप्टमध्ये लिहून दिलं होतं. सहा वर्षं बिनबोभाट चाललं. तो मुलगा आता परदेशात आहे. आणि जुना कॉम्प्युटर एका रात्री विजेच्या लपंडावात कायमचा गेला. भाच्याने नवा आणला, पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेला प्रोग्राम त्यात टाकला, कुणाला तरी विचारून ‘एनपीएम इन्स्टॉल’ अशी आज्ञा दिली, आणि पडदा लाल अक्षरांनी भरून गेला.

तोवर शेडमध्ये दोन बायका वहीत वजनं लिहीत होत्या आणि भाचा रात्री बारा-बारापर्यंत ते आकडे कॉम्प्युटरात भरत होता. कंटेनर चार दिवसांवर आलेला. वहीतल्या चुका रोज सापडत होत्या, आणि न सापडलेल्या किती असतील या विचाराने त्याला झोप नव्हती. घरात ‘कॉम्प्युटरमधला’ म्हणून मी एकटाच, त्यामुळे फोन मला.

त्याने पडद्याचा फोटो पाठवला. चाळीसेक ओळी होत्या. मराठीत सार सांगायचं तर असं: या प्रोग्रामचा एक भाग इथेच, या कॉम्प्युटरवर घडवायचा आहे. त्यासाठी पायथन लागतो. पायथन सापडत नाही. थांबलो.

हे मी वाचून दाखवल्यावर तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "घडवायचा कशाला मामा? आयतं मिळत नाही का?"

प्रश्न अगदी रास्त होता. तेव्हा मी "बघतो" एवढंच म्हणालो. नीट उत्तर द्यायचं तर पंचवीस-तीस वर्षं मागे जावं लागतं, आणि त्यातले दोन धडे तर थेट आपल्या नाशिकमधले आहेत. म्हणून ही पोस्ट. (भाच्या, वाचतोयस ना?)

*

पहिला प्रश्न असा, की जावास्क्रिप्टला स्वतःहून काट्याशी बोलता का येत नाही?

ही भाषा १९९५ साली जन्मली. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक या माणसाने मे महिन्यात दहा दिवसांत तिचा पहिला नमुना उभा केला. काम होतं वेबपानात थोडी जान आणण्याचं. भरलेला फॉर्म तपासणं, बटण दाबलं की काहीतरी घडवणं, असलं. आता यात एक गोम आहे. वेबपान उघडलं की कुठल्या तरी अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम तुमच्या घरात येऊन चालू लागतो. पाहुण्याला ओसरीवर बसवावं, माजघराची किल्ली देऊ नये, हे शहाणपण तेव्हाच बाळगलं गेलं. तुमच्या फायली, तुमची उपकरणं, मागच्या बाजूला खोचलेल्या वायरी, यांना हात लावायची जावास्क्रिप्टला सोयच नव्हती. ही उणीव नव्हती, बंदोबस्त होता.

मग २००८ च्या सप्टेंबरात गूगलने क्रोम ब्राउझर आणला. त्याच्या पोटात व्ही-एट नावाचं इंजिन होतं. डेन्मार्कमधल्या आरहूस गावी लार्स बाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते सी प्लस प्लस भाषेत लिहिलं होतं. जावास्क्रिप्टचं थेट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करून ते चालवायचं, त्यामुळे वेग भलताच वाढला. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, रायन डाल या तरुणाने हे इंजिन ब्राउझरमधून उपसून बाहेर काढलं आणि त्याला फायली आणि नेटवर्क वापरायची मुभा दिली. हे नोड. नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत त्याने ते लोकांसमोर मांडलं. ओसरीवरचा पाहुणा घरातला झाला तो असा.

पण घरात किती वस्तू असतात! वजनकाटे, बारकोड वाचणारी यंत्रं, कॅमेरे, डेटाबेस, आवाजाची कार्डं. या सगळ्यांची भाषा नोडला जन्मतःच यावी ही अपेक्षा शक्यच नव्हती. म्हणून एक दार ठेवलं गेलं. तुम्हाला जे हवंय ते सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहा, त्याची यंत्रभाषेतली फाइल बनवा आणि नोडला जोडा. या जोडकामाला नेटिव्ह मॉड्यूल म्हणतात. जावास्क्रिप्ट त्याला हाक मारते, ते उपकरणाशी बोलतं आणि उत्तर आणून देतं. दुभाष्याचं काम.

अडचण इथेच सुरू होते. जावास्क्रिप्टचा मजकूर कुठल्याही कॉम्प्युटरवर नेला तरी चालतो, पण यंत्रभाषेतली फाइल अशी कुठेही चालत नाही. ती विंडोजची वेगळी, लिनक्सची वेगळी, मॅकची वेगळी, प्रोसेसरगणिक वेगळी. त्यामुळे ती एक तर दुसऱ्या कुणीतरी तुमच्या जातीच्या यंत्रासाठी आधी बनवून ठेवलेली असावी लागते, नाहीतर तुमच्याच यंत्रावर मूळ मजकुरापासून घडवावी लागते. घडवणं म्हणजे कंपाइल करणं.

आयता माल, नाहीतर घरचा कारखाना. तिसरा मार्ग नाही.

*

मी राहतो नाशिकरोडला. इथे ‘प्रेसला आहेत’ म्हटलं की कुठला प्रेस हे कुणी विचारत नाही. सकाळचा भोंगा, पाळीला निघालेले लोक, यातच आमचं लहानपण गेलं. त्या प्रेसचा इतिहास हा नेमका भाच्याच्या प्रश्नाचाच इतिहास आहे.

भारताची १८५४ सालची पोस्टाची तिकिटं कलकत्त्यात, सर्व्हेयर जनरलच्या कचेरीत, शिळाछापावर छापली होती. म्हणजे सुरुवात घरच्या कारखान्याने झाली. पण दुसऱ्याच वर्षापासून लंडनच्या डे ला रू कंपनीची तिकिटं येऊ लागली. त्यांची छपाई उत्तम, नक्कल करायला अवघड. मग जवळजवळ सत्तर वर्षं आपण आयतीच तिकिटं वापरली. मुंबईच्या माणसाने पुण्याला पत्र टाकायचं आणि त्यावरचं तिकीट समुद्रमार्गे लंडनहून आलेलं असायचं! १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि हे थांबलं. १९२८ मध्ये शेजारी करन्सी नोट प्रेस आला. त्याआधी नोटाही इंग्लंडहून छापून येत.

यातली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. छापखाना इथे आला तरी नोटेचा कागद बाहेरूनच येत राहिला. आपली कागदगिरणी होशंगाबादला (आताचं नर्मदापुरम) निघाली ती १९६८ मध्ये, नोट प्रेसनंतर चाळीस वर्षांनी. कारखाना घरी आणला म्हणजे सगळं घरी आलं असं नसतं. कारखान्यालाही काहीतरी आयतं लागतं, आणि ते काय लागतं हे यंत्रं बसवायला घेतल्याशिवाय समजत नाही.

भाच्याच्या पडद्यावर पहिल्याच ओळीत तेच आलं होतं. पायथन नाही.

*

आता कुणीही विचारेल, जावास्क्रिप्टला जोडायचा भाग सी प्लस प्लसमध्ये घडवायचाय, तर मध्ये हे पायथन कुठून आलं? ही तिसरीच भाषा. लग्न एकाचं, वरात दुसऱ्याची आणि बँडवाला तिसऱ्याचा पाहुणा!

याचं उत्तर फक्त इतिहासात सापडतं, तर्कात नाही.

सी भाषा डेनिस रिचीने बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास घडवली. मोठ्या प्रोग्रामचे शंभर तुकडे कोणत्या क्रमाने कंपाइल करायचे हे सांभाळायला तिथल्याच स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन लिहिलं. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमनने जीसीसी हा कंपायलर सर्वांसाठी खुला केला. त्यामुळे युनिक्स-लिनक्सच्या घरात कंपायलर म्हणजे पाटा-वरवंट्यासारखी गोष्ट झाली. नसला तर एका आज्ञेत येतो. विंडोजचं तसं कधीच नव्हतं. तिथे कॉम्प्युटर विकत घेणारा तो वापरणार, घडवणार नाही, हे गृहीतच. कंपायलर वेगळा आणायचा, आणि एके काळी तो पैसे मोजून आणायचा.

नोड सुरुवातीला लिनक्स आणि मॅकवरच चालायचं. मॉड्यूलं घडवायला ‘वाफ’ नावाचं साधन होतं, तेही पायथनमध्ये लिहिलेलं. २०११ मध्ये नोड विंडोजवर आणायचं ठरलं आणि नव्या साधनाची गरज पडली. गूगलच्या लोकांपुढे हाच पेच आधी आला होता. क्रोम तिन्ही ठिकाणी घडवायचा होता, म्हणून त्यांनी ‘जिप’ नावाचं साधन पायथनमध्ये लिहिलं होतं. एकच यादी लिहा, त्यावरून लिनक्ससाठी मेकची फाइल आणि विंडोजसाठी व्हिज्युअल स्टुडिओची फाइल ते काढून देई. व्ही-एट इंजिन त्यावरच घडत होतं. नोडवाल्यांनी तेच उचललं. २०१२ मध्ये नेथन राजलिक याने त्यावर ‘नोड-जिप’ रचलं, आणि तेव्हापासून जगभरच्या नेटिव्ह मॉड्यूलांची दोरी त्याच्या हाती आहे.

गंमत पुढेच आहे. गूगलने काही वर्षांनी जिप सोडून दिलं आणि क्रोमसाठी दुसरं साधन घेतलं. नोडला ते सोडता येईना, कारण एव्हाना हजारो मॉड्यूलांच्या याद्या जिपच्या लिपीत लिहिलेल्या होत्या. शेवटी नोडच्याच मंडळींनी जिपची स्वतःची प्रत सांभाळायला घेतली. मूळ मालक वाडा सोडून गेला, भाडेकरू डागडुजी करत राहिले.

पायथनचं स्वतःचंही एक महाभारत झालं. २००८ च्या डिसेंबरात पायथन तीन आलं, जे पायथन दोनशी जुळत नव्हतं. नोड-जिपला मात्र कित्येक वर्षं दोनच लागायचं. नवशिका पोरगा हौसेने नवीन पायथन टाकायचा आणि साधन म्हणायचं, हे नको, जुनं आण! पायथन दोनचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे थांबला, त्याच्या थोडं आधी नोड-जिपला तीन चालू लागलं. सगळे सुटले म्हणेपर्यंत ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं आणि त्यातून ‘डिस्टयुटिल्स’ नावाचा एक जुना भाग काढून टाकलेला. नोड-जिपच्या जुन्या आवृत्त्या त्याच भागावर टेकून उभ्या होत्या.

मी फोनवर भाच्याला पायथन टाकायला सांगितलं, त्याने अर्थातच नवंकोरं टाकलं, आणि दुसऱ्या फोटोत हीच ओळ आली. डिस्टयुटिल्स नावाचं काही सापडत नाही. मी म्हणालो, "राहू दे, उद्या येतो."

*

नाशिकरोडहून पिंपळगावला जायचं तर द्वारका, आडगाव करत आग्रा रोडने ओझरवरून जावं लागतं. ओझर आलं की मान आपोआप वळते. तिथला विमानांचा कारखाना हा आपला दुसरा धडा.

१९६२ मध्ये मिग-२१ विमानांसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. त्याच वर्षाअखेर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना ओझरला आला. विमानाचा सांगाडा इथे, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी ठरली.

पण पहिल्याच दिवशी इथे धातूच्या पत्र्यापासून विमान घडलं नाही. असं कुठेच होत नाही. आधी तयार विमानं येतात. मग मोठमोठे जोडलेले भाग येतात, ते इथे एकत्र करायचे. मग सुटे भाग येतात, ते जोडायचे. आणि सगळ्यात शेवटी कच्च्या मालापासून भाग इथेच घडवायचे. मिगचं तसंच झालं आणि २००० साली करार झालेल्या सुखोई-३० चंही तसंच. या पायऱ्या आयात कमी करण्यासाठी असतात असं आपण म्हणतो, पण खरं काम हातांना वळण लावण्याचं असतं. जोडताना माणूस शिकतो की हा भाग इथे का, आणि तो तसाच का.

मिग-२१ हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं. पुढच्याच महिन्यात ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क वन-ए उडालं. त्याची रचना आपली, जुळणी आपली, इंजिन मात्र अमेरिकेचं. ती इंजिनं यायला उशीर होत गेला तशी विमानंही रखडली, हे आपण पेपरात वाचलंच. पुन्हा तोच नोटेचा कागद!

*

शेडवर पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. भाचा म्हणाला, "मामा, रात्रभरात झालं नाही तर उद्याही वहीच." बहिणीने जेवायला हाक मारली, म्हटलं थोड्या वेळाने.

आधी तो बंद पडलेला भाग उघडून पाहिला. काटा बनवणाऱ्याने काट्याबरोबर एक तयार डीएलएल फाइल दिली होती, काट्याशी बोलणारी. जावास्क्रिप्टला ती कळत नाही, म्हणून त्या मुलाने मध्ये जेमतेम दीडशे ओळींचं दुभाष्या-मॉड्यूल लिहिलं होतं. आता कळलं की आयतं का मिळणार नाही. द्राक्षाच्या शेडमधल्या या एका काट्यासाठी जगात कोण मॉड्यूल बनवून ठेवणार? लोकप्रिय मॉड्यूलांच्या तयार फायली त्यांचे कर्ते आता पुरवतात, २०१३ च्या आसपास ती चांगली पद्धत रुळू लागली. पण ज्याची गरज एकट्याची, त्याला ते आपणच घडवावं लागतं.

मनात एक धास्ती होती. नोडच्या आवृत्त्या बदलल्या की व्ही-एटची आतली रचना बदलते आणि जुनी मॉड्यूलं मोडतात. २०१३ ते २०१५ या काळात हा छळ इतका झाला होता की रॉड वॅग याने ‘नॅन’ नावाचा एक मधला थर लिहिला, म्हणजे बदल झाले तर ते तिथे झेलले जावेत. तरी प्रत्येक नव्या नोडसाठी पुन्हा कंपाइल करावं लागेच. मग २०१७ मध्ये नोडवाल्यांनी ‘एन-एपीआय’ आणलं. व्ही-एट आत काहीही उलथापालथ करो, मॉड्यूलशी बोलण्याची भाषा आम्ही मोडणार नाही, असा तो शब्द. २०१८ मध्ये तो पक्का झाला.

फाइल उघडली, पहिलीच ओळ पाहिली आणि हायसं वाटलं. पोराने एन-एपीआय वापरलं होतं. नवीन पद्धत नुकतीच पक्की झालेली, वापरणारे थोडे, तरी त्याने तीच धरली. बरोबर चिठ्ठी मात्र ठेवली नव्हती. कुठलं नोड, कुठला कंपायलर, काही नाही. (आपणही ठेवत नाही म्हणा.)

मग कारखाना उभारायला घेतला. नवं नोड टाकलं, त्याबरोबर नवं नोड-जिप आलं आणि पायथनचं भांडण मिटलं. पुढची ओळ आली, व्हिज्युअल स्टुडिओ सापडत नाही. आता हे पैसे न मोजता मिळतं, पण त्यातली फक्त सी प्लस प्लसची अवजारं घेतली तरी काही जीबी उतरवावे लागतात. भाच्याच्या मोबाइलच्या नेटवर ते चालू करून आम्ही जेवलो. दीडशे ओळींसाठी एवढा संभार! पण प्रेसमध्येही एका तिकिटामागे केवढी यंत्रं असतात.

अकराच्या सुमारास पुन्हा आज्ञा दिली. या वेळी त्याने नोडच्या त्या नेमक्या आवृत्तीच्या हेडर फायली नेटवरून आणल्या. हेडर म्हणजे मॉड्यूल जिथे बसवायचं त्या जागेची मापं. मापं मिळाली, कंपायलरने दीडशे ओळी यंत्रभाषेत उतरवल्या, लिंकरने त्या सांधल्या, आणि पडद्यावर लाल अक्षर एकही नाही. भाच्याने टाळी मागितली. मी म्हटलं, थांब, आधी चालवून बघू.

चालेना. ‘हे योग्य विन३२ ॲप्लिकेशन नाही’ असं काहीतरी म्हणून बंद पडलं.

ही ओळ मी वर्षानुवर्षं पाहिलेली, तरी डोक्यात प्रकाश पडायला अर्धा तास गेला. काट्यावाल्याची डीएलएल ३२ बिटांची होती आणि मी टाकलेलं नोड ६४ बिटांचं. ६४ बिटांचा प्रोग्राम ३२ बिटांची डीएलएल पोटात घेऊ शकत नाही. आमच्या दीडशे ओळी आम्ही हव्या तशा घडवू शकत होतो, कारण त्यांचा मूळ मजकूर हाताशी होता. डीएलएलचा नव्हता. ती आयती आलेली, आणि तिच्या मापाने आता बाकी सगळ्यांनी वागायचं. म्हणून ३२ बिटांचं नोड टाकलं, २२ आवृत्तीचं, कारण २३ पासून विंडोजसाठी ३२ बिटांचं नोड काढणंच बंद झालंय. पुन्हा कंपाइल केलं. या वेळी एका मिनिटात झालं, कारण कारखाना उभा होता.

रात्री एकला भाच्याने काट्यावर पाच किलोची पेटी ठेवली. पडद्यावर आकडा आला, चिठ्ठी छापून बाहेर पडली. त्याने चिठ्ठी हातात घेतली, काट्यावरचा आकडा पाहिला, चिठ्ठीवरचा पाहिला आणि काही न बोलता पुढची पेटी ठेवली.

*

तर मग, आयतं का नको? खरं म्हणजे आयतं नको असं मी म्हणतच नाही. भाच्याच्या कॉम्प्युटरमधली शंभरातली नव्याण्णव कामं आयत्या मालावर चालतात, माझीही चालतात. स्वतःचं सगळं स्वतः घडवायचं म्हटलं तर द्राक्षं कधी काढणार? लंडनची तिकिटं चांगलीच होती, तयार मिगही उडतच होतं.

पण आयता माल जो बनवतो तो त्याच्या यादीतल्या गिऱ्हाइकांसाठी बनवतो. एक दिवस तुमचं यंत्र, तुमचा काटा, तुमची गरज त्या यादीत नसते. त्या दिवशी कारखाना उभारता येतो की नाही एवढाच प्रश्न उरतो. आणि तो उभारायला मूळ मजकूर हाताशी असावा लागतो आणि तो वाचू शकणारं माणूस.

अशी माणसं आपोआप तयार होत नाहीत. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अभ्यासासाठी केंद्र चालवलं, त्याच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. २००९ मध्ये अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्याबरोबर कंपायलरशास्त्रावर त्यांचं पुस्तकही आलं. जो कंपायलर जगभर फुकट आयता मिळतो, तो आतून शिकवायची काय गरज, असं कुणीही म्हणू शकलं असतं. गरज होती. तयार विमान मिळत असताना ओझरला पत्रा वाकवायला का शिकायचं, याचंच ते उत्तर.

सकाळी निघण्याआधी भाच्याला शेजारी बसवलं. बायकांनी वजनं लिहिलेल्या त्याच वहीचं शेवटचं पान काढलं आणि त्यावर त्याच्याकडूनच लिहून घेतलं: नोड कुठलं, किती बिटांचं, पायथन कुठलं, कंपायलर कुठला, कुठल्या क्रमाने टाकायचं, आज्ञा काय द्यायची. हेडर फायली आणि सगळे इन्स्टॉलर एका पेन ड्राइव्हवर भरले आणि तो द्राक्षाच्या बिलांच्या कपाटात ठेवला. मग तयार झालेली मॉड्यूलची फाइल पुसली आणि त्याला म्हटलं, "आता तू कर."

"मामा, चालू आहे ते कशाला पुसलंत?" तो घाबरलाच.

"कर तू. मी इथेच बसलोय."

त्याने वही पुढे ठेवली, एका बोटाने आज्ञा टाइप केली. पडद्यावर ओळी धावल्या, थांबल्या. लाल काही नव्हतं. तो माझ्याकडे बघून हसला, आणि बाहेर ओरडला, "ताई, वही बंद करा, पेट्या काट्यावर आणा!"

कंटेनर वेळेवर गेला. मी परतताना ओझरला चहा प्यायलो.